हंपीचा विरूपाक्ष बाजार : कोल्हापुरातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून हंपीला जाणारी बहुतेक मंडळी बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल यांच्या जोडीने हंपीसाठी एखादा दिवस राखून ठेवतात आणि दगडी रथ, कमळमहाल, हत्तीशाळा अशी ठरलेली ठिकाणे पाहून परततात. या घाईत विरूपाक्ष मंदिरासमोरचा रस्ता केवळ देवळाकडे जाण्याची वाट म्हणून पायाखालून निघून जातो. वास्तविक हंपी ही ज्या साम्राज्याची राजधानी होती, त्या विजयनगरची नगररचना समजून घ्यायची असेल, तर सुरुवात या रस्त्यापासून करावी. या रस्त्याविषयी आणि त्याच्याशी संबंधित इतर रस्त्यांविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा रस्ता नेमका कोठे आहे आणि केवढा आहे?

विरूपाक्ष मंदिराच्या पूर्वेकडील नऊ मजली गोपुरापासून हा रस्ता निघतो आणि तुंगभद्रेच्या दक्षिण काठाला जवळजवळ समांतर राहून, सरळ पूर्वेकडे, मातंग टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे पाऊण किलोमीटर आहे. पूर्वेच्या टोकाला चौथऱ्यावरील मंडपात एकसंध शिळेतून घडवलेला भव्य नंदी असून त्याचे तोंड मंदिराकडे आहे. स्थानिक लोक त्याला ‘येदुरु बसवण्णा’ म्हणतात. नंदीच्या मागून निघणाऱ्या पायऱ्या खिंडीतून पलीकडे अच्युतराय मंदिराच्या खोऱ्यात उतरतात. एका टोकाला सुमारे ५० मीटर उंचीचे गोपुर आणि दुसऱ्या टोकाला मोठमोठ्या शिळांची टेकडी असल्यामुळे रस्त्यावर कोठेही उभे राहिले तरी दिशा चुकत नाही.

हा रस्ता किती जुना आहे?

मंदिर रस्त्यापेक्षा जुने आहे. येथील विरूपाक्षाची आणि पंपादेवीची उपासना विजयनगरच्या स्थापनेच्या, म्हणजे साधारणपणे १३३६ च्या, आधीपासून चालत आलेली असून शेजारच्या हेमकूट टेकडीवरील काही देवळेही त्या आधीच्या काळातील आहेत. राजधानी वाढू लागली तसतसा मंदिरासमोरचा हा मार्ग आखला गेला आणि दोन्ही बाजूंना ओवऱ्या उभ्या राहिल्या. कृष्णदेवरायाने आपल्या राज्यारोहणाच्या निमित्ताने मंदिरातील रंगमंडप बांधल्याची नोंद करणारा १५१० चा शिलालेख आवारातच उभा आहे, आणि मंदिराला आजचे भारदस्त रूप प्रामुख्याने याच काळात लाभले. ओवऱ्या मात्र एकाच वेळी बांधल्यासारख्या दिसत नाहीत. काही ठिकाणी त्या एकमजली आहेत, पूर्वेकडे काही दुमजली आहेत, खांबांची घडणही जागोजागी बदलते, आणि नंदीच्या बाजूला तर घोटीव काळसर दगडाचे, चालुक्य वळणाचे कोरीव खांब असलेला एक मंडप आढळतो, जो आसपासच्या ओबडधोबड ग्रॅनाइटच्या रांगेत अगदी वेगळा उठून दिसतो.

‘बाजार’ असे नाव आहे, मग येथे खरोखरच बाजार भरत होता का?

भरत होता, परंतु या नावामुळे गैरसमजही बराच होतो. हंपीत प्रत्येक मोठ्या मंदिरासमोर असा लांब, सरळ, दुतर्फा ओवऱ्या असलेला मार्ग आहे आणि त्या सगळ्यांनाच बाजार म्हणण्याची पद्धत आहे. मुळात हे रथमार्ग होत. देवाचा रथ या मार्गाने जात असे, यात्रेकरू ओवऱ्यांत मुक्काम करीत, आणि जेथे यात्रा तेथे व्यापार या न्यायाने दुकानेही येथेच मांडली जात. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या सुमारास येऊन गेलेल्या दोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने मंदिराजवळच्या सुंदर रस्त्याचे वर्णन करताना तेथील सज्जे असलेल्या घरांचा आणि यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या ओवऱ्यांचा उल्लेख आवर्जून केला आहे.

शहराचा व्यापार एकाच रस्त्यावर साठलेला नव्हता, हेही त्याच्याच वर्णनावरून कळते. माणके, हिरे, पाचू, मोती आणि कापड विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा रस्ता तो वेगळा सांगतो. तेथे रोज संध्याकाळी भरणाऱ्या बाजारात घोडी, तट्टे, लिंबे, संत्री, द्राक्षे आणि लाकूडफाटा मिळत असे. दर शुक्रवारी दुसरीकडे बाजार भरे, त्यात डुकरे, कोंबड्या आणि समुद्राकडून आलेली सुकी मासळी विकायला येई, आणि अशाच प्रकारे शहराच्या वेगवेगळ्या भागांत रोज कोठे ना कोठे बाजार असे. वार ठरवून फिरणारा हा बाजार आपल्या जिल्ह्यातील कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून विरूपाक्षासमोर उभे राहून ‘येथे हिरे-मोती रस्त्यावर मापाने विकत’ असे कोणी ठासून सांगू लागले, तर ते ऐकून घ्यावे, पण विजयनगरची सगळी बाजारपेठ या एका रस्त्यावर कोंबू नये.

रस्ता एवढा रुंद का ठेवला आहे?

रथासाठी. मोठ्या लाकडी रथाला दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढणाऱ्यांची रांग, पुढे वाद्ये, आजूबाजूला दर्शनाला आलेली माणसे, आणि रथ थोडा कलला किंवा तिरका गेला तर त्याला सावरण्याइतकी मोकळी जागा, हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे रुंदीचा हिशेब लागतो. विरूपाक्षाचा रथोत्सव आजही चैत्रात होतो आणि तो याच रस्त्यावर होतो.

कोल्हापूरकरांना हे पटायला वेळ लागू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ महाद्वारातून निघतो तेव्हा महाद्वार रोडवरील आणि गुजरीतील एरवीची गर्दी कशी बाजूला सरकते आणि तरीही जागा कशी अपुरी पडते, हे आपण पाहत आलो आहोत. फरक असा की महाद्वार रोड हा जिवंत रस्ता असल्याने शतकानुशतके त्याच्यावर घरे, दुकाने आणि फलक पुढे पुढे सरकत आले, तर विरूपाक्षाच्या रस्त्याची मूळ रुंदी आज पुन्हा जशीच्या तशी दिसते. मोकळ्या जागेचे महत्त्व किती असते, हे किरणोत्सवाच्या वेळी रंकाळ्याकडून महाद्वारापर्यंतच्या किरणमार्गात येणाऱ्या इमारतींमुळे आपल्याला दरवर्षी कळतेच. प्राचीन रस्त्याचा सर्वांत महत्त्वाचा अवशेष म्हणजे त्याची रिकामी रुंदी होय, आणि पर्यटक नेमके तिचेच छायाचित्र काढत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या दगडी ओवऱ्या एवढ्या साध्या का? आपल्याकडच्या देवळांसारखे कोरीव काम का नाही?

याचे मोठे कारण दगडात आहे. हंपीचा दगड ग्रॅनाइट आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात किंवा अंबाबाईच्या मंदिरात आपण पाहतो तो काळा बेसॉल्ट बारीक छिन्नीला दाद देतो. भरड कणांचा ग्रॅनाइट तेवढी दाद देत नाही आणि हत्यारेही लवकर बोथट करतो. शिवाय मंदिराचा मंडप आणि रस्त्याकडेची ओवरी यांच्यावर सारखीच मेहनत घेण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे ओवऱ्यांचे खांब बहुतांशी चौकोनी, एकसंध, जेमतेम साफ केलेले आहेत. त्यांवर आडव्या तुळया आणि तुळयांवर सपाट दगडी फरशा टाकल्या की छत तयार.

एखाद्या खांबाजवळ वाकून पाहावे. त्याच्या कडेने, शिवण घालावी तशी, सारख्या अंतरावर छोट्या चौकोनी खाचांची रांग दिसते. प्रत्येक खाच अर्धीच उरलेली असते, कारण तिचा दुसरा अर्धा भाग फुटून निघालेल्या दगडासोबत गेलेला असतो. पाथरवटांनी या खाचांत पाचरी ठोकून अखंड शिळा हव्या त्या रेषेत फोडली. अशाच खाचा आसपासच्या खडकांवरही आहेत, आणि काही शिळांवर खाचा पाडलेल्या असूनही शिळा फोडलेली नाही. बांधकामासाठी दगड लांबून आणण्याची गरज पडत नव्हती, खाण म्हणजे शेजारची टेकडीच होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

जे टिकले ते दगडाचे, हेही विसरू नये. गोपुराचा खालचा भाग ग्रॅनाइटचा आहे, तर वरचे मजले विटा-चुन्याचे आहेत. घरांमध्ये लाकूड, माती आणि विटा यांचा वापर अधिक असल्यामुळे ती नाहीशी झाली. आज उघड्या वाघड्या दिसणाऱ्या या खांबांच्या रांगांना पूर्वी पडद्या, दारे, सज्जे आणि रंग असणार.

हंपीत असा हा एकच रस्ता आहे का?

नाही. विठ्ठल मंदिरासमोर जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा, बाजूला पुष्करणी असलेला रस्ता आहे. वाहनतळापासून मंदिरापर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या याच भागातून जातात, त्यामुळे अनेकांचा हा रस्ता गाडीत बसूनच पाहून होतो. शक्य असेल त्यांनी निदान एका बाजूने तरी पायी यावे. वाटेत घोड्यांची शिल्पे असलेला एक मंडप लागतो आणि हा घोड्यांचा बाजार असल्याचे वाटाडे सांगतात. घोड्यांचा व्यापार ही विजयनगरची लष्करी गरज होती, कारण चांगले घोडे समुद्रमार्गे अरबस्तान आणि इराणकडून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत येत आणि त्यांच्यासाठी भरपूर पैसा मोजावा लागे.

उदयगिरी जिंकल्यावर कृष्णदेवरायाने बांधलेल्या कृष्ण मंदिरासमोरही रस्ता आहे. त्यासंबंधीचा शिलालेख १५१५ चा आहे. आज कमलापूरहून हंपीकडे येणारी डांबरी सडक मंदिर आणि बाजार यांच्या मधूनच गेलेली असल्यामुळे दोहोंचा संबंध चटकन लक्षात येत नाही. मंदिराच्या दारातून पूर्वेकडे पाहिले आणि खाली उतरले म्हणजे ओवऱ्यांच्या रांगा आणि पुष्करणी समोर येतात. अच्युतराय मंदिराचा रस्ता सर्वांत निवांत आहे. सगळ्यांमध्ये रचना सर्वांत स्वच्छ वाचता येते ती येथेच, असे आमचे मत आहे, कारण येथे आधुनिक वस्ती कधी फारशी पोहोचली नाही.

मग राजधानीचा खरा मुख्य रस्ता कोणता म्हणायचा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. विरूपाक्ष, विठ्ठल, कृष्ण आणि अच्युतराय हे मंदिरांचे परिसर नदीकडच्या बाजूला आहेत. राजवाड्यांचा भाग त्यांच्या दक्षिणेला, मध्ये शेती आणि कालवे सोडून, वेगळा आहे. त्या भागातील रस्ते हजारराम मंदिराच्या परिसरात एकत्र येतात, आणि तेथून ईशान्येकडे जाणारा मार्ग ‘पानसुपारी बाजार’ म्हणून ओळखला जातो.

या रस्त्याचे विशेष असे की त्याचे नाव नंतरच्या लोकांनी किंवा वाटाड्यांनी दिलेले नाही. विजयनगरचा राजा देवराय दुसरा याने १४२६ मध्ये येथे पार्श्वनाथाचे चैत्यालय, म्हणजे जैन मंदिर, बांधले आणि त्याच्या शिलालेखात हे मंदिर पानसुपारीच्या बाजारपेठेत बांधल्याचे नमूद केले आहे. प्राचीन रस्त्याचे नाव, जागा आणि वर्ष अशी तिन्ही एकाच दगडावर मिळणे दुर्मीळच. आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा असूनही हंपीला जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांपैकी फारच थोडे या चैत्यालयाकडे वळतात, याचे नवल वाटते.

हेरातचा सुलतान शाहरुख याचा राजदूत म्हणून अब्दुर रझ्झाक १४४३ मध्ये विजयनगरला आला होता. राजवाड्याजवळच्या बाजारपेठा, त्यांतील ओवऱ्या, उघड्यावर रत्ने मांडून बसलेले जवाहिरे यांचे वर्णन त्याने केले आहे. गुलाबाच्या फुलांवाचून या लोकांचे चालत नाही, असेही तो म्हणतो, आणि विड्याच्या पानाविषयी तर त्याने मोठ्या उत्साहाने लिहिले आहे. तो येण्याच्या सतरा वर्षे आधी पानसुपारी बाजाराचे नाव शिलालेखात कोरले गेले होते, हे लक्षात ठेवून ते वर्णन वाचले म्हणजे त्या उत्साहाचे कारण समजते.

१५६५ नंतर विरूपाक्षाच्या रस्त्याचे काय झाले?

जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची, म्हणजेच राक्षसतागडीची, लढाई झाली. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर येथील सुलतानांच्या एकत्रित सैन्यापुढे विजयनगरचा कारभार पाहणाऱ्या रामरायाचा पराभव झाला, राजघराणे पेनुकोंड्याकडे निघून गेले आणि राजधानी लुटली गेली. सर्वच ठिकाणी सारखा नाश झाला असे मात्र नाही. विठ्ठल मंदिराच्या आवारात जाळपोळीच्या आणि मोडतोडीच्या खुणा आढळतात, तर विरूपाक्ष मंदिरातील पूजा पुढेही चालू राहिली आणि आजही चालू आहे. पूजा चालू राहिली म्हणून यात्रा राहिली, यात्रा राहिली म्हणून रस्त्याला माणसांचा वावर राहिला. १८५६ मध्ये अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने हंपीची जी छायाचित्रे घेतली, ती या अवशेषांची सर्वांत जुनी छायाचित्रे मानली जातात, आणि कोणती वास्तू केव्हा ढासळली हे ठरवताना आजही ती उपयोगी पडतात.

पूर्वी येथे खानावळी आणि दुकाने होती असे आमचे वडीलधारे सांगतात. आता रस्ता रिकामा का?

वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओवऱ्यांमध्ये आणि त्यांच्या मागे-पुढे कुटुंबे राहू लागली. खांबांच्या मध्ये भिंती घालून घरे, खानावळी, कापडाची आणि पूजासाहित्याची दुकाने, पर्यटकांसाठी खोल्या अशी वस्ती वाढत गेली. हंपीचा समावेश १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. परिसरातील पुलांच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये ती धोक्यातील वारशाच्या यादीत गेली आणि २००६ मध्ये त्या यादीतून बाहेर आली. बाजारातील वस्तीचा प्रश्न न्यायालयात पोहोचला आणि जुलै २०११ मध्ये प्रशासनाने ती बांधकामे पाडली. तेथील कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी काही किलोमीटरवरच्या कड्डीरामपुराजवळ जागा ठरवण्यात आली.

या कारवाईकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. खांबांना खिळे ठोकणे, ओवऱ्यांत चुली पेटवणे, छतावर नवी बांधकामे चढवणे यांमुळे अवशेषांची हानी होत होती, हे नाकारता येत नाही. पण वर्षानुवर्षे यात्रेकरूंना जेवण आणि निवारा देणारी माणसे हटवून उरलेला रस्ता, ज्या कारणासाठी बांधला गेला त्या कारणापासून अधिकच दूर गेला, हेही खरे. आमचे मत असे की ओवऱ्या मोकळ्या करणे आवश्यक होते, परंतु ज्या घाईने ते झाले त्या घाईची आवश्यकता नव्हती.

विठ्ठल मंदिराचा आणि पंढरपूरचा संबंध काय?

वारकरी परंपरेनुसार पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेण्यात आली होती आणि संत एकनाथांचे पणजोबा, पैठणचे भानुदास, यांनी ती परत आणली. ही श्रद्धेची कथा आहे आणि त्याच भावनेने ती ऐकावी. हंपीच्या विठ्ठल मंदिरात आज मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही, त्यामुळे दर्शनाच्या अपेक्षेने गेलेल्या ज्येष्ठांना आधीच कल्पना द्यावी.

कोल्हापुरात असा एखादा प्राचीन रस्ता पाहायला मिळतो का?

असा ओवऱ्यांचा रस्ता नाही, पण हंपीपेक्षा हजार-बाराशे वर्षांनी जुनी नगरवस्ती मात्र पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर आहे. तेथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकाळातील विटांच्या घरांचे अवशेष, नाणी आणि रोमन जगाशी असलेला व्यापारी संबंध दाखवणाऱ्या कांस्यवस्तू या टेकडीवर सापडल्या; ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती त्यांत सर्वांत प्रसिद्ध असून ती टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. ब्रह्मपुरीवर आज वस्ती असल्यामुळे जागेवर जाऊन पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. हंपीला जाण्याआधी एक दुपार टाउन हॉलमध्ये घालवावी, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

कोल्हापूरहून कसे जावे?

महामार्गाने बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ आणि होसपेट असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे. रेल्वेने जायचे असल्यास बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची नेहमीची हरिप्रिया एक्स्प्रेस होसपेटवरूनच जाते. वेळापत्रक निघण्यापूर्वी तपासावे. होसपेटहून हंपी सुमारे १३ किलोमीटर आहे आणि बस व रिक्षा दोन्ही मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील खडक दुपारी इतके तापतात की अनवाणी चालता येत नाही.

एकाच दिवसात हे रस्ते पाहायचे असतील तर क्रम कसा ठेवावा?

सकाळी लवकर नंदीच्या बाजूने सुरुवात करून विरूपाक्षाकडे चालत यावे, म्हणजे ऊन पाठीवर राहते आणि गोपुर उजळलेले दिसते. मंदिराच्या आत, मागच्या बाजूला, भिंतीतील छिद्रातून गोपुराची उलटी सावली पडते ती पाहावी. तिला वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये, कारण तेथे नेहमी रांग असते. दुपारच्या आत कृष्ण बाजार, पानसुपारी बाजार आणि पार्श्वनाथ चैत्यालय उरकावे, कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयात हंपीची प्रतिकृती पाहावी आणि ऊन उतरल्यावर विठ्ठल मंदिराकडे जावे. अच्युतराय मंदिराचा रस्ता खिंडीतून पायी गाठावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तो सोडून द्यावा आणि मुक्काम असेल तर इतरांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी, मातंग टेकडीच्या चढाला जोडून घ्यावा. टेकडीवर पाण्याची सोय नाही.